एक-चाळीस ते तीन: आग

ड्राय फोर्क, २० एप्रिल २०१९

हार्लन,

तुझी तब्येत विचारत नाही. ती उत्तमच असणार. बारा माणसांचा दोन महिन्यांचा अभ्यास एका परिच्छेदात बुडवायचा म्हणजे मनगटात चांगला जोर लागतो.

तुमच्या परवाना मंडळाचं पत्र गुरुवारी आलं. बावीस वर्षं मी लूथरन चर्चच्या तळघरात घरं-जमिनी विकणाऱ्यांना परवान्यासाठी शिकवते, तेही तुमच्याच मंजुरीने. बावीस वर्षांत असं पत्र मला आलं नव्हतं. म्हणे, सहा एप्रिलच्या हजेरीपत्रकात "१:४० ते ३:००, आग" अशी नोंद आहे, ही ऐंशी मिनिटं शिक्षणाची धरता येत नाहीत, सबब सगळ्यांची प्रमाणपत्रं रद्द.

आग म्हणजे आग. तू माझा मावसभाऊ आहेस, याच गावात वाढलास, तुला हे मी समजावून सांगायचं का? येनसनच्या कुरणाने पेट घेतला होता आणि वारा असा की माणूस उभा राहीना. माझ्या वर्गातले चौघं गावच्या अग्निशमन दलात आहेत. पगार नाही, गणवेशसुद्धा उसना. भोंगा वाजला, ते उठले आणि गेले. बाकीचे आठ जण बसले होते आणि विहिरींचा धडा शेवटपर्यंत झाला. जे झालं ते मी हजेरीपत्रकात लिहिलं. हाच माझा गुन्हा.

आता मला सांग, ज्या ऑनलाइन शाळांना तुम्ही दरवर्षी डोळे मिटून मंजुरी देता, तिथे काय चालतं? माणूस व्हिडिओ लावतो आणि गवत कापायला जातो. मधूनमधून येऊन बटण दाबलं की हजर. त्यांच्या हजेरीपत्रकात कधी आग लागत नाही, कोणाला शिंकही येत नाही. खोटं बोलणारा कागद तुम्हाला स्वच्छ दिसतो आणि खरं बोलणारा मळका. ही कसली राखण आहे, हार्लन?

माझं सोड. फर्न लिंडक्विस्टचं बघ. पाच वर्षं ती म्हाताऱ्या ऑरिन ट्वेटच्या हाताखाली काम करते आहे. आपल्या अख्ख्या तालुक्यात ब्रोकरचा, म्हणजे स्वतःचं ऑफिस चालवण्याचा, परवाना एकट्या ऑरिनकडे आहे, आणि तो एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस एकतीस मेला परवाना परत करणार आहे. डोळे गेलेत त्याचे. त्या दिवशी फर्नच्या हातात स्वतःचा ब्रोकर परवाना नसेल तर ऑफिसला कुलूप. मग आपल्या लोकांची घरं विकायला दीडशे मैलांवरून कोणीतरी येईल, ज्याला कोणाच्या विहिरीत जनावरांच्या गोठ्याचं पाणी उतरतं हे ठाऊक नाही. फर्न परीक्षा पास झाली आहे. तुमची ऐंशी मिनिटं तेवढी आडवी आली आहेत.

रानचेरीच्या जेलीची बाटली सोबत पाठवते. आपल्या आयांनी लावलेल्या झुडपांच्या रांगेतल्या चेरींची आहे. तुझ्यावर राग आहे, तुझ्या पोटावर नाही.

व्हर्ना


राजधानी, २६ एप्रिल

प्रिय व्हर्ना,

तुझं पत्र मिळालं. फाइलला लावलं.

हे वाचून तू कप आपटशील, म्हणून आधीच सांगतो. फाइल चालू असताना तिच्याबद्दल कोणाकडूनही काहीही लेखी आलं तर मला ते लावावंच लागतं. तेव्हा "मनगटात जोर" आणि "मळका कागद" यांवर आता मंडळाचा शिक्का आहे, पान क्रमांक सात आणि आठ. फोन करू नकोस. फोन केलास तर मला संभाषण लिहून काढावं लागेल, आणि तुझ्या बोलण्याच्या वेगाने लिहिणं मला जमणार नाही.

जेलीची बाटली परत पाठवतो आहे. अर्जदाराकडून आलेली भेट आहे ती. डायरेक्टरबाईंना मी सांगितलं की ही माझी मावसबहीण आहे, फाइल दुसऱ्याकडे द्या. त्या म्हणाल्या, "हार्लन, या राज्यात कोण कोणाचा मावसभाऊ नाही? शिक्षण विभागात तुम्ही दोघंच, त्यातला एक बाळंतपणाच्या रजेवर. तपासा, आणि सगळं कागदावर ठेवा." तर तपासतो आहे.

ऑनलाइन शाळांबद्दल तू म्हणतेस ते खोटं नाही. पण माझ्यासमोर ती फाइल नाही, तुझी आहे. तुला चार नावं लिहायची आहेत: कोण उठून गेलं. आणि आठ: कोण तळघरात राहिलं. भाषण नको, नावं दे.

तुझा,
हार्लन


ड्राय फोर्क, ३० एप्रिल

हार्लन,

गेले ते: लेस्टर बाउम, दोघं रूडभाऊ आणि डार्ला फ्रिट्झ. राहिले त्या आठांची नावं मागच्या पानावर आहेत, फर्नचं सगळ्यात वर. आठांपैकी कोणीही तीन वाजेपर्यंत तळघर सोडलं नाही. सगळ्यांच्या सह्या घेतल्या आहेत. पाद्रीबाई वरच्या मजल्यावर ईस्टरच्या पडद्यांना इस्त्री करत होत्या, हवी तर त्यांचीही सही आणते.

गेलेल्या चौघांना घाई नाही. ते शरदात पुन्हा बसतील. लेस्टर म्हणतो, "मला दोनदा ऐकल्याशिवाय कळत नाही, बरंच झालं."

ऑरिनने काल ऑफिसच्या भिंतीवरचा नकाशा उतरवला. फर्न म्हणाली, "अजून महिना आहे, राहू दे." तो म्हणाला, "जागा पांढरी राहते की नाही ते बघत होतो." आणि परत टांगला. वाकडा.

पत्राला चिकटून येईल असं खाण्याचं काही पाठवत नाही.

व्हर्ना


राजधानी, ६ मे

प्रिय व्हर्ना,

बस आणि वाच. चांगली बातमी आहे.

चौघांची प्रमाणपत्रं रद्द राहतील. जे वर्गात राहिले आणि मंजूर शिक्षकाकडून पूर्ण धडा ऐकला, त्या आठांचे तास पूर्ण धरावेत, असा शेरा मी लिहिला आहे. सह्या पुरेशा आहेत. हजेरीपत्रकात त्या ऐंशी मिनिटांपुढे तू "विहिरी, फर्न" असंही लिहिलं आहेस. फर्न हजर असल्याची ती वेगळी खूण धरली, तिच्या बाबतीत तर शंकाच उरत नाही. शुक्रवारी डायरेक्टरबाईंची सही होईल. पंधरवड्यात फर्नचा परवाना निघेल.

फाइल चाळताना एक जुनं पान सापडलं, त्याची प्रत पाठवतो आहे. एकोणीस वर्षांपूर्वीच्या जाहीर सुनावणीचा वृत्तान्त. तुला आठवत असेल. मोटेलच्या हॉलमध्ये एक गृहस्थ दोन तास गप्पा मारायचा, डोनट वाटायचा आणि आठ तासांचं प्रमाणपत्र हातात द्यायचा. त्याच्याकडून शिकलेल्या एजंटाने हेल्गेसन कुटुंबाला नासलेल्या विहिरीचं घर विकलं आणि त्यांची धाकटी तीन आठवडे इस्पितळात पडली. तू दोनशे मैल गाडी चालवत आलीस आणि टेबलावर मूठ आपटून म्हणालीस (वृत्तान्तात "मूठ आपटली" असं कंसात आहे):

"घर घेणारा माणूस आयुष्यात एकदाच सही करतो. त्या सहीपुढे बसणाऱ्याने एक मिनिट जरी चोरलं असेल, तर ते त्या घरातल्या पोरांच्या ग्लासातून चोरलेलं असतं. शिकवणारा खोलीत नसेल तर ते शिक्षण नव्हे. घड्याळाला दया नको. माझ्यासाठीसुद्धा नको."

तेव्हा मी नवा कारकून होतो, मागच्या रांगेत बसलो होतो. नियम लिहायला मला सांगितलं, आणि तुझं वाक्य जवळजवळ तसंच्या तसं मी कलमात घातलं. हे तुला कधी बोललो नव्हतो. अभिमान वाटला होता.

तुझा,
हार्लन


ड्राय फोर्क, ९ मे

हार्लन,

हे पत्र शुक्रवारच्या आत पोचावं म्हणून पोस्टात स्वतः नेऊन देते आहे. सही थांबव.

तुझ्यावर मी इतकी चिडले आहे की पेन कागदात घुसतं आहे. तू ते पान का पाठवलंस? फाइल बंद झाली होती. तुझं काम आयतं झालं होतं, मला झोप लागत होती, फर्नने परवान्यासाठी चौकटसुद्धा विकत आणली होती. आणि तू एकोणीस वर्षांपूर्वीची व्हर्ना पाकिटात घालून माझ्या घरी पाठवलीस. ती आत आली, बसली, आणि उठायचं नाव घेईना.

तर ऐक. मी खोलीत नव्हते.

पाण्याचा बंब या गावात दोघांनाच चालवता येतो, लेरॉय क्नूट्सन आणि मी. लेरॉय त्या दिवशी गुरांच्या बाजाराला गेला होता. भोंगा वाजल्यावर चौघं उठले आणि पाचवी मी. जिन्यावरून मी ओरडले, "फर्न, विहिरींचा धडा तू घे," आणि गेले. येनसनच्या घरापासून शंभर पावलांवर आम्ही ती आग रोखली. परत आले तेव्हा तीन वाजले होते. भुवया जळल्या होत्या आणि फर्न फळ्यावर तिसरी विहीर काढत होती. नवरा होता तोवर पंधरा वर्षं ती त्याच्याबरोबर विहिरी खोदायच्या ट्रकवर बसली आहे. माझ्या बावीस वर्षांत तो धडा इतका चांगला कधीच झाला नाही. पोरं उठायला तयार नव्हती.

"विहिरी, फर्न" ही हजेरीची खूण नाही, हार्लन. ते धडा कोणी घेतला त्याचं नाव आहे. मी लिहिलं होतं. तू चुकीचं वाचलंस, आणि मी तुला चुकीचं वाचू दिलं. "आठांपैकी कोणीही तळघर सोडलं नाही" हे वाक्य मी तीनदा खोडून लिहिलं होतं. खोटं नव्हतं ना ते? मोटेलवालाही असंच म्हणायचा. त्याच्या डोनटमध्येही खोटं काही नव्हतं.

मी फर्नला हे पत्र वाचून दाखवलं. तिने टेबलावरची चौकट उचलली. मग म्हणाली, "पाठव. नाहीतर उद्या कोणाला विहिरीबद्दल खरं सांगताना माझी जीभ अडखळेल." आणि चौकट घेऊन घरी गेली.

एक मात्र सांगून ठेवते. मी बंबावर बसले याची मला लाज नाही. उद्या पुन्हा बसेन.

व्हर्ना


राजधानी, १३ मे

व्हर्ना,

पत्र मिळालं. फाइलला लावलं. सही शुक्रवारी सकाळी नऊला होणार होती, पोस्टमन पावणेनऊला आला.

दोन दिवस मला काही लिहू नकोस. मला कलमं वाचायची आहेत आणि तुझ्या अक्षराकडे बघून डोकं दुखतं.

हार्लन


राजधानी, १८ मे

प्रिय व्हर्ना,

काल मंडळाची बैठक झाली. काय झालं ते सांगतो. मध्येच पत्र फाडू नकोस.

नियमात पाहुण्या व्याख्यात्याचं एक कलम आहे. ज्याला विषयाचा प्रत्यक्ष अनुभव आहे असा माणूस एका अभ्यासक्रमात दोन तासांपर्यंत शिकवू शकतो, आधी मंजुरी लागत नाही. अट एवढीच की हजेरीपत्रकात त्याचं नाव असावं. ते आहे, तुझ्याच अक्षरात. तू खोलीत असायला हवं का? व्याख्याता मंजूर असेल तर तोच शिकवणारा, आणि शिकवणारा खोलीत होता. ते कलम मी तीनदा वाचलं, मग मंडळाला मोठ्याने वाचून दाखवलं. विहीर खोदणाऱ्याच्या विधवेचा अनुभव प्रत्यक्ष आहे, हे पाचही सदस्यांना मान्य झालं. एक सदस्य म्हणाला, "ती आम्हालाही शिकवायला येईल का?"

म्हणजे वर्गात बसलेल्यांचे तास धरले. सात जणांचे.

आठवी फर्न. त्याच कलमात पुढचं वाक्य आहे: व्याख्याता त्या वेळेपुरता विद्यार्थी धरला जाणार नाही. ती ऐंशी मिनिटं तिने शिकवली, म्हणून ती शिकली नाही. हे वाक्यही मीच लिहिलं आहे. कोणीतरी स्वतःचंच व्याख्यान स्वतःच्या तासांत धरायचा, म्हणून. तू आत्ता जे म्हणते आहेस ते मी इथे बसून ऐकतो आहे. मीही तेच म्हणालो, बैठकीत, जरा सभ्य शब्दांत. सदस्य हसले, आणि कोणीच नियम वाकवायला तयार झाला नाही. खरं सांगायचं तर मीही नाही.

मिळालं ते एवढं. तुझ्या अभ्यासक्रमाची मंजुरी एप्रिलअखेर संपली होती, तरी फर्नपुरती एक भरपाई-बैठक मंजूर केली आहे. जागा तीच, चर्चचं तळघर. शिक्षक मंजूर, म्हणजे तू. विषय तोच, विहिरी. वेळ सलग ऐंशी मिनिटं. मंडळाचा अधिकारी घड्याळ घेऊन हजर, म्हणजे मी. शिक्षक किंवा विद्यार्थी उठला तर बैठक रद्द, आणि दुसरी बैठक जुलैच्या आधी नाही.

पंचवीस मे, शनिवार, दुपारी दीड. मी तिथे अधिकारी म्हणून येईन. मला कॉफी विचारू नकोस, ती लिहावी लागते.

तुझा,
हार्लन


ड्राय फोर्क, १ जून

हार्लन,

तू तिथे होतास. तरी बैठकीचा अहवाल शिक्षकाने स्वतःच्या हाताने लिहून पाठवायचा असा तुमचा नियम आहे, म्हणून लिहिते. तू त्या दिवशी कागदावर वेळ टाकलास, टोपी घातलीस आणि गाडीत बसलास. आता तुला हे वाचावं लागेल आणि फाइलला लावावं लागेल. माझी हरकत नाही.

दीड वाजता सुरू केलं. मी उभी, फर्न पहिल्या रांगेत, तू मागे. जिला आपल्या तालुक्यातली एकेक विहीर नावानिशी ठाऊक आहे, तिला मी विहीर म्हणजे काय ते शिकवलं. तिने वहीत उतरवून घेतलं. दोनदा हात वर करून प्रश्नही विचारला, कारण वर्गात प्रश्न विचारतात. एकदा मी विहिरीची खोली चुकीची सांगितली. तिचं पेन थांबलं, तिने तुझ्याकडे पाहिलं आणि मग मी सांगितलेलाच आकडा लिहिला. का, ते मला मागाहून कळलं: दुरुस्त केलं असतं तर ते शिकवणं झालं असतं.

दोन बत्तीसला भोंगा वाजला.

तू घड्याळाकडे पाहिलंस, मी फर्नकडे. अठरा मिनिटं उरली होती. वर पाद्रीबाई धावत दाराकडे गेल्याचं ऐकू आलं. त्या वरून ओरडल्या, "व्हर्ना, लेरॉय शेतावर आहे." मी खडू घट्ट धरला. फर्न अगदी हळू म्हणाली, "जा. जुलै तर जुलै." ऑरिनचं ऑफिस, भिंतीवरचा नकाशा, पाच वर्षं, सगळं ती चार शब्दांत सोडून देत होती. आणि मी, बंबावर पुन्हा बसेन म्हणून तुला छाती ठोकून लिहिणारी मी, फळ्याकडे वळले आणि विहीर व सांडपाण्याची टाकी यांत किती फूट अंतर हवं ते शिकवू लागले. माझा आवाज मला दुसऱ्या कोणाचा तरी वाटत होता. तो त्या सुनावणीतल्या बाईचा होता.

लेरॉय अकरा मिनिटांनी पोचला. बंब उशिरा निघाला. दोन पन्नासला तू "पूर्ण" म्हणालास, तेव्हा मी जिना चढले आणि धूर कुठे आहे ते पाहिलं.

आपली रानचेरीची रांग गेली, हार्लन. माझ्या कुरणाच्या उत्तरेची, तुझ्या आईने आणि माझ्या आईने मिळून लावलेली, पाऊण मैल सगळी. रेल्वेच्या ठिणगीने गवत पेटलं. कोणाच्या केसाला धक्का लागला नाही, घर वाचलं. लेरॉय म्हणतो, दहा मिनिटं आधी आलो असतो तर निम्मी वाचली असती. तो चांगला माणूस आहे, त्याने हे एकदाच म्हटलं. मुळांतून पुन्हा फुटते म्हणतात. फळ धरायला चार वर्षं.

मी बरोबर केलं की चूक, हे मला विचारू नकोस. येनसनचं घर असतं तर मी थांबले नसते, असं मी स्वतःला रोज सांगते. पण तळघरातून धूर कोणाचा आहे ते दिसत नव्हतं. तेव्हा मला काय ठाऊक होतं? फक्त घड्याळ. एकोणीस वर्षांपूर्वी मी म्हणाले होते की घड्याळाला दया नको. अजूनही तेच म्हणते. मोटेलवाल्याला दया नको, व्हिडिओ लावून गवत कापणाऱ्याला नको. पण घड्याळाला कान असावेत, हे तेव्हा मला सुचलं नाही आणि तुलाही सुचलं नाही. पुढची जाहीर सुनावणी कधी आहे ते कळव. भोंग्याचं कलम मी लिहून आणते: भोंगा वाजला की घड्याळ थांबेल, आणि माणसं परतली की जिथे थांबलं तिथून पुढे चालेल. एवढंच. टेबल मजबूत आहे ना ते बघून ठेव.

फर्नचा परवाना तुझ्या त्या वेळेच्या कागदावरच निघाला, परवा, तीस मेला आला. ऑरिनने नकाशा तिच्या हातात दिला आणि आपली खुर्ची खिडकीकडे फिरवली. चौकट तिने अजून टांगलेली नाही. म्हणते, आधी तुझ्या कुरणात पुढची आग अडेल अशी पट्टी नांगरून देते.

जेलीची बाटली पाठवते आहे, तीच जी तू परत केली होतीस. या अहवालाने फाइल बंद होते, आता ती भेट नाही, ती तुझ्या आईची आहे. दुसरी नाही माझ्याकडे.

अहवालाचा नमुना सोबत भरून जोडला आहे. त्यात तुमचा एक रकाना आहे, तो मी गेल्या खेपेसारखाच खरा भरला आहे:

व्यत्यय: एक. २:३२ ते २:५०, आग. कोणीही उठले नाही.

व्हर्ना